सर्व्हर डाऊन आहे, उद्या या!

पोस्ट लांब आहे. चहा घेऊन बसा, पण शेवटपर्यंत वाचा. विषय कॉम्प्युटरचा वाटेल, पण तो तुमच्या-आमच्या बुडालेल्या रोजाचा आणि हुकलेल्या मुदतीचा आहे.

गेल्या काही वर्षांत आपल्या तालुक्यात सगळ्यात जास्त वेळा बोललं गेलेलं वाक्य कुठलं? माझं मत विचाराल तर "सर्व्हर डाऊन आहे, उद्या या." सातबारा काढायला गेलं, सर्व्हर डाऊन. रेशनला अंगठा लावायला गेलं, सर्व्हर डाऊन. दाखला, पीक विमा, शिष्यवृत्ती, ॲडमिशन, सगळीकडे स्क्रीनवर ते गोल चक्र फिरतंय आणि समोर माणसं बसलीत. ज्या बाईने दिवसाची मजुरी सोडून रांग धरली, तिला हे वाक्य ऐकून घरी जावं लागतं. दुसऱ्या दिवशी परत मजुरी बुडते. आणि मुदतच संपली, तर "तुम्ही आधी का नाही आलात?" हे वर ऐकावं लागतं.

लोक शिव्या कुणाला घालतात? महा ई-सेवा केंद्र चालवणाऱ्या पोराला. त्याच्या हातात काय असतं? एक कॉम्प्युटर, एक प्रिंटर आणि रिफ्रेशचं बटण. चोर सोडून संन्याशाला फाशी.

मी इंजिनिअर नाही. पत्रकारितेचा डिप्लोमा केला आणि वीस वर्षं बातम्या लिहितोय. पण "सर्व्हर डाऊन" ही बातमी इतक्यांदा लिहिली की म्हटलं, एकदा हे प्रकरण मुळापासून समजून घेऊ. एक मित्र पुण्यात डेटाबेसचंच काम करतो. त्याच्यासोबत दोन-तीन बैठका झाल्या, थोडं वाचलं. जे समजलं ते आपल्या भाषेत मांडतो.

आधी डेटाबेस म्हणजे काय ते बघू

वेबसाइट म्हणजे समोरची खिडकी. मागे जे दप्तर असतं, ज्यात सगळ्या नोंदी असतात, तो डेटाबेस. खिडक्या वाढवणं सोपं असतं. दहाच्या वीस करा, वीसच्या शंभर करा. पण शंभर खिडक्यांच्या मागे वही एकच असेल आणि प्रत्येक खिडकीवरचा माणूस त्याच वहीसाठी हात पुढे करत असेल, तर काय होईल? खिडक्या चकाचक आणि रांग जागेवर. "सर्व्हर डाऊन" म्हणतात तेव्हा बऱ्याच वेळा अडलेली असते ती ही मागची वही.

म्हणून मोठ्या गर्दीची वेबसाइट करायची तर डेटाबेस कुठला निवडायचा, हा पहिला मोठा निर्णय. पण मित्र म्हणाला, "कुठला डेटाबेस हा दुसरा प्रश्न. पहिला प्रश्न हा की गर्दी कुठल्या प्रकारची आहे?" मला ते एकदम पटलं. माझ्या समजुतीप्रमाणे गर्दी तीन प्रकारची असते.

पहिली: वाचणाऱ्यांची गर्दी

दहावी-बारावीचा निकाल घ्या. दुपारी एक वाजता लाखो पोरं, त्यांचे आईबाप, मामा, मावश्या एकदम तुटून पडतात. पण ही सगळी माणसं फक्त बघतात. कुणी काही लिहीत नाही. निकाल तर आधीच तयार आहे, तो बदलणार नाही. मग प्रत्येक पोराने विचारल्यावर मूळ वही कशाला उघडायची? जुन्या काळी शाळेत काय करायचे? निकालाच्या यादीच्या चार प्रती काढून चार भिंतींवर चिकटवायचे. इथेही तेच करायचं. प्रती काढून जागोजागी ठेवायच्या. त्याला कॅश म्हणतात, रेप्लिका म्हणतात. विकिपीडियाचं उदाहरण घ्या. आपला मराठी विकिपीडिया २००३ पासून आहे, तोही त्याच व्यवस्थेवर चालतो. तिथला डेटाबेस मारियाडीबी, फुकट मिळणारा. पण वाचायला येणाऱ्या बहुतेक माणसांना आधीच तयार ठेवलेली प्रत मिळते. मूळ वहीपर्यंत ती जातच नाहीत.

थोडक्यात, निकालाच्या दिवशी साइट पडत असेल तर महागडा डेटाबेस घेणं हा त्यावरचा इलाज नाही. प्रती काढून ठेवल्या की काम होतं.

दुसरी: लिहिणाऱ्यांची गर्दी, पण ज्याची त्याची ओळ वेगळी

पीक विम्याचा अर्ज. तुमच्या अर्जाचा माझ्या अर्जाशी काही संबंध नाही. तुमची ओळ वेगळी, माझी वेगळी. इथे वही फाडून वाटून घेता येते. जसे तलाठ्यांना सजे वाटून दिलेले असतात, तसं. आपले जिल्हे ३६. प्रत्येक जिल्ह्याची नोंद वेगळ्या यंत्रावर ठेवली तर बीडच्या गर्दीने भंडाऱ्याची साइट अडायचं कारण नाही. याला शार्डिंग म्हणतात. २०१२ मध्ये फेसबुकने इन्स्टाग्राम विकत घेतलं तेव्हा तिथे तेरा माणसं कामाला होती आणि वापरणारे तीन कोटी होते. त्यांनी पोस्टग्रेस नावाचा फुकटचा डेटाबेस असाच वाटून वापरला होता.

पण वाटणी डोक्याने करावी लागते. समजा तारखेप्रमाणे वाटलं, तर शेवटच्या तारखेला सगळे अर्ज एकाच यंत्रावर जाणार आणि बाकीची यंत्रं माशा मारत बसणार. यंत्रं कागदावर दहा, काम करणारं एक. आपल्याकडच्या काही कार्यालयांत माणसांचंही हेच असतं, ते जाऊ द्या.

तिसरी: एकाच ओळीसाठी भांडणारी गर्दी

ही सगळ्यात अवघड. तत्काळ तिकीट. जागा शंभर, मागणारे पन्नास हजार, वेळ एकच. इथे प्रती काढून भागत नाही, कारण प्रतीत "जागा शिल्लक" दिसेल आणि मूळ वहीत ती दुसऱ्याला गेलेली असेल. एक सीट दोघांना विकली तर डब्यात मारामारी. म्हणून इथे असा डेटाबेस लागतो जो एका वेळी एकालाच त्या ओळीवर लिहू देतो. बाकीचे थांबतात. 

आयआरसीटीसीने २०१४ मध्ये नवी यंत्रणा आणली. तेव्हा मिनिटाला २,००० तिकिटांची क्षमता ७,२०० वर गेली. त्यात एक शहाणपण होतं. गाडी कुठली, जागा आहे का, ही नुसती चौकशी करणाऱ्यांना यंत्राच्या मेमरीत ठेवलेल्या माहितीतून उत्तर द्यायचं आणि मूळ आरक्षण यंत्रणेवरचा भार हलका करायचा. म्हणजे वाचणारे वेगळे केले, लिहिणारे वेगळे. २२ मे २०२५ रोजी एका मिनिटात ३१,८१४ तिकिटं निघाली, असा रेल्वेने जाहीर केलेला विक्रम आहे.

पण त्याच वेळी रेल्वेने आणखी एक गोष्ट सांगितली. तत्काळच्या पहिल्या पाच मिनिटांत लॉगिनचे जे प्रयत्न होत होते, त्यात निम्म्यापर्यंत माणसं नव्हतीच, बॉट होते. म्हणजे दलालांची सॉफ्टवेअरं. आता सांगा, डेटाबेस कितीही मोठा आणला आणि दारात रोबोट उभे असतील, तर तुमचं तिकीट निघणार कसं? आधी दार राखा, मग घर वाढवा.

आता आपलं गणित करू

२०२३ च्या खरिपात एक रुपयात पीक विमा आला आणि राज्यात दीड कोटीच्या वर अर्ज झाले. मुदत ३१ जुलैवरून ३ ऑगस्ट करावी लागली. दीड कोटी ऐकून छाती दडपते ना? पाटी-पेन्सिल घ्या.

महिनाभर, रोज दहा तास काम धरा. दिवसाला पाच लाख अर्ज. तासाला पन्नास हजार. सेकंदाला किती? चौदा! फक्त चौदा.

बरं, आपली माणसं शेवटच्या दिवशी येतात, हेही धरू. समजा तीस लाख अर्ज एकाच दिवशी आले. तरी सेकंदाला ८३-८४. एका अर्जामागे डेटाबेसला तीस वेळा हात लावावा लागतो असं धरलं, तरी सेकंदाला अडीच हजार कामं. नीट बसवलेला पोस्टग्रेस किंवा मायएसक्यूएल एका चांगल्या यंत्रावर एवढं सहज ओढतो. दोन्ही फुकट मिळतात. तुम्ही ही पोस्ट ज्या फेसबुकवर वाचताय, त्याचाही मूळ साठा मायएसक्यूएलवर आहे. अर्थात त्यांनी त्यावर पुष्कळ काम केलंय, पण पाया तोच.

मग आपल्याकडची पोर्टलं कशाने आडवी होतात? मित्राने चार कारणं सांगितली. चारही साधी आहेत.

एक, सूची नसणं. तलाठ्याच्या दप्तरात गट नंबराची सूची नसेल तर एका उताऱ्यासाठी पूर्ण वही चाळावी लागेल. डेटाबेसमध्ये इंडेक्स नसेल तर तेच होतं. इंडेक्स असेल तर कोटीभर नोंदींतली एक नोंद चार-पाच टप्प्यांत सापडते. नसेल तर प्रत्येक माणसामागे कोटी ओळी चाळल्या जातात. चाचणीच्या वेळी शंभर नोंदी असतात, तेव्हा कळतच नाही. खरी गर्दी आली की कळतं.

दोन, दारंच कमी. डेटाबेसला एका वेळी किती जोडण्या चालतील याचं सेटिंग असतं. पोस्टग्रेसमध्ये ते मुळात १०० असतं, मायएसक्यूएलमध्ये १५१. गर्दीचा अंदाज घेऊन त्याची सोय करायची असते. डब्यातून काढलं आणि तसंच लावलं, तर एकशेएकावा माणूस बाहेरच.

तीन, दुसऱ्याच्या दारात उभं राहणं. एका अर्जासाठी आधार तपासायचा, जमिनीची नोंद तपासायची, बँक खातं तपासायचं. यातली एक यंत्रणा जरी संथ झाली तरी सगळे अर्ज लटकतात. शहाणपणा असा की अर्ज आधी घ्यायचा, पावती लगेच द्यायची आणि तपासणी मागाहून रांगेने करायची. शेतकऱ्याला मुदतीत अर्ज दिल्याचा पुरावा हवा असतो. तपासणी रात्री दोनला झाली तरी त्याचं काही बिघडत नाही.

चार, प्रत उशिरा अद्ययावत होणं. तुम्ही पैसे भरले ते मूळ वहीत लागले, पण तुम्हाला दाखवली जाणारी प्रत थोडी मागे आहे. स्क्रीनवर "रक्कम बाकी" दिसतं. माणूस घाबरतो, परत भरतो. पैसे दोनदा कापले जातात आणि मग परताव्यासाठी तीन महिने चकरा. ज्याने पैसे भरले, त्याला त्याची नोंद मूळ वहीतूनच दाखवायची, एवढा एक नियम पाळला तरी हे टळतं.

अमेरिकेतसुद्धा हेच

हे फक्त आपल्याकडे होतं असं समजू नका. १ ऑक्टोबर २०१३ ला अमेरिकन सरकारने आरोग्य विम्याची हेल्थकेअर डॉट गव्ह ही वेबसाइट सुरू केली. लाखो लोक आले. पहिल्या दिवशी विमा किती जणांचा झाला? सहा जणांचा! हे तिथल्याच सरकारी नोंदींत आहे. त्या कामात नेहमीच्या वळणापेक्षा वेगळा डेटाबेस घेतला होता, आणि काम करणाऱ्यांना त्याची सवय नव्हती, यावरून नंतर बराच वाद झाला. पण मला भावलेली चूक दुसरीच. नुसत्या योजना बघायला आलेल्या माणसालाही आधी खातं उघडायला लावलं होतं. म्हणजे वाचायला आलेल्या माणसाला लिहिणारा करून टाकलं. सगळी गर्दी एकदम मूळ वहीवर.

मग दुरुस्ती कशी झाली? बाहेरून जाणते इंजिनिअर आणले. कुठे अडतंय हे दाखवणारी मोजमापं लावली, संथ ठिकाणं एकेक करून मोकळी केली, यंत्रं वाढवली. दोन महिन्यांत साइट उभी राहिली. डेटाबेस मात्र फेकून दिला नाही.

आपलं कोविन आठवतं? २८ एप्रिल २०२१, दुपारी चार वाजता अठरा वर्षांवरच्यांची नोंदणी उघडली. पहिल्यांदा सगळ्यांचं अडकलं, ओटीपी येईनात. पण त्याच दिवशी सव्वा कोटीच्या वर नोंदण्या झाल्या. यंत्रणा पुढे सावरली, हे मान्य करायला हवं. पण अख्ख्या देशाला एकाच दिवशी चारच्या ठोक्याला बोलावलं नसतं, वयोगटाने दोन-दोन दिवस वाटून दिले असते, तर? गर्दीची वेळ ठरवणं हाही नियोजनाचाच भाग आहे. त्याला एक रुपया लागत नाही.

मग आपल्या गावाचं काय?

आता मुद्द्यावर येतो. मध्यंतरी आपल्या भागातल्या एका स्थानिक संस्थेत नव्या पोर्टलचं सादरीकरण होतं. नाव घेत नाही. घरपट्टी, पाणीपट्टी, तक्रारी, सगळं ऑनलाइन. पडद्यावर रंगीत चित्रं. "क्लाउड बेस्ड, अनलिमिटेड युजर्स." सगळ्यांनी माना डोलावल्या. मी पत्रकारांच्या खुर्चीवर होतो. विचारलं, "एका वेळी किती लोक पैसे भरू शकतील, याची चाचणी केली का?" उत्तर आलं, "ऑटो स्केल होतं सर." दुसरा प्रश्न विचारला, "करार संपल्यावर नोंदी कोणाकडे राहतील, आणि कुठल्या स्वरूपात मिळतील?" यावर चहा आला.

मंडळी, आपल्यासारख्या गावात मालमत्ता किती? पंधरा-वीस हजार. त्यासाठी एक साधा, नीट सूची लावलेला डेटाबेस आणि रोजचा बॅकअप पुरतो. मार्चअखेरची गर्दी धरूनसुद्धा. गूगल आणि ॲमेझॉनला लागतात तसली अवाढव्य यंत्रणा इथे आणणं म्हणजे घरच्या मिरच्या कुटायला गिरणी उभारण्यासारखं आहे. पैसे जातील, आणि ती चालवायला माणूस मिळणार नाही तो नाहीच. जो डेटाबेस चालवणारी, दुरुस्त करणारी माणसं आपल्या जिल्ह्यात सापडतात, तो आपल्यासाठी चांगला. केंद्र सरकारचं मुक्त सॉफ्टवेअरला प्राधान्य द्यायचं धोरण २०१५ पासून आहे. त्याचा आधार घेऊन बोलायला काय हरकत आहे?

म्हणून माझ्या मागण्या साध्या आहेत. नगरसेवक, अधिकारी वाचत असतील तर त्यांनीही टिपून घ्याव्यात:

१. पोर्टल लोकांसाठी उघडण्याआधी भार चाचणी करा आणि तिचा अहवाल जाहीर करा. किती लोक, किती सेकंदांत, आकड्यात सांगा. "अनलिमिटेड" हा आकडा नाही.

२. पोर्टल कधी बंद पडलं, किती वेळ बंद होतं, याची नोंदवही त्याच पोर्टलवर सगळ्यांना दिसू द्या.

३. मुदतीच्या काळात जितके तास यंत्रणा बंद, तितकी मुदत आपोआप वाढली पाहिजे. त्यासाठी आमदारांना निवेदन आणि पत्रकाराला बातमी द्यावी लागू नये.

४. अर्ज घेतला की पावती लगेच. तपासणी नंतर.

५. नोंदींची मालकी संस्थेची. करार संपला की पूर्ण माहिती, वाचता येईल अशा स्वरूपात, संस्थेच्या ताब्यात. नाहीतर पुढच्या वेळी तोच ठेकेदार म्हणेल तो भाव.

यातलं काहीच आभाळातून आणायचं नाही. टेंडरमध्ये पाच ओळी वाढवायच्या आहेत. आपल्या राज्यात लोकसेवा हक्क कायदा २०१५ पासून आहे. ठरलेल्या दिवसांत सेवा मिळणं हा हक्क आहे, उपकार नाहीत. आणि "सर्व्हर डाऊन" या दोन शब्दांनी तो हक्क रोज पुढे ढकलला जातो. ना तारीख, ना सही, ना जबाबदार माणसाचं नाव. कागदावर "अर्ज नाकारला" लिहिलं तर अपील करता येतं. फिरणाऱ्या चक्राविरुद्ध अपील कुठे करायचं?

तोपर्यंत आपण एक करू शकतो. सर्व्हर डाऊन दिसला की फोटो काढा, तारीख आणि वेळ दिसेल असा. केंद्रचालक मित्रांनो, तुम्ही एक साधी वही ठेवा: तारीख, कुठलं पोर्टल, किती वाजता बंद, किती वाजता सुरू, किती माणसं परत गेली. महिनाभराची अशी वही गावागावातून जमली, तर ती घेऊन मी स्वतः माहिती अधिकारात अर्ज टाकतो: भार चाचणीचा अहवाल द्या आणि बंद पडल्याच्या नोंदी द्या. त्यांचे आकडे आणि आपले आकडे शेजारी-शेजारी छापू.

खाली कमेंटमध्ये सांगा, गेल्या महिनाभरात तुम्ही किती वेळा परत आलात आणि किती रोज बुडाला. आधार नंबर, मोबाईल नंबर मात्र कमेंटमध्ये टाकू नका. आणि हो, केंद्रावरच्या पोराशी नीट बोला. तोही सकाळपासून रिफ्रेशच दाबतोय.